संगणकजालावरील पहारा आणि ग्रंथालय-मार्गांचा संघर्ष

रायपूर आणि दूरची ठाणी

छत्तीसगडचा प्रदेश मराठी वाचकाला अगदीच परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून या प्रदेशावर नागपूरच्या भोसल्यांचा अंमल बसला आणि १८५४ साली ते राज्य खालसा होईपर्यंत रायपूर हा नागपूरच्या राज्याचाच एक भाग होता. त्या काळी दूरच्या परगण्यातील बातमी जासुदाच्या पायांच्या वेगाने चालत असे. ती वेळेवर आली नाही, तर वाटेत नदीला पूर आला असेल किंवा जासूद आजारी पडला असेल असा तर्क कोणीही करू शकत असे. बातमी न येणे हीदेखील एक बातमीच होती.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड हे स्वतंत्र राज्य झाले आणि रायपूर ही त्याची राजधानी ठरली. राज्याचा विस्तार मोठा आहे. दक्षिणेकडील जगदलपूर रायपूरपासून सुमारे ३०० किलोमीटरांवर आहे आणि सुकमा त्याहूनही दूर आहे. अशा राज्याचा कारभार राजधानीतील संगणकावर आणावयाचा, तर त्या संगणकाला दूरच्या ठाण्यांशी जोडणारे जाल अखंड चालू असणे ही पहिली अट होय. २००७ साली राज्यातील धानखरेदीचे संगणकीकरण झाले, तेव्हा खरेदीची सुमारे दीड हजार केंद्रे त्यात आली. ज्या केंद्रांपर्यंत जोडणी पोहोचली नव्हती, तेथील नोंदी मोटारसायकलवरून नेऊन जवळच्या जोडलेल्या ठाण्यावर भरल्या जात. एका अर्थाने जुना जासूद नव्या वाहनावर बसून परत आला होता.

२०१२ साली रायपूर शहरात शिधावाटपाची एक नवी पद्धत सुरू झाली. तिच्यात शिधापत्रिकाधारकाला आपल्या पसंतीच्या दुकानातून धान्य घेता येऊ लागले. वरकरणी ही सोय साधी दिसते. परंतु कोणत्याही दुकानात धान्य मिळावयाचे, तर त्या महिन्याचा वाटा यापूर्वी अन्य दुकानातून उचललेला नाही हे दुकानदाराला त्याच क्षणी कळले पाहिजे. ते कळण्याचे साधन म्हणजे मध्यवर्ती संगणकाशी असलेला जिवंत संपर्क. हा संपर्क तुटला की दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाची पसंती नाममात्र उरते. संगणकजालाची देखरेख हा विषय तांत्रिक वाटत असला, तरी त्याच्या दुसऱ्या टोकाला धान्याची पिशवी घेऊन उभा असलेला माणूस आहे, हे प्रथमच लक्षात ठेवणे इष्ट होय.

हाक आणि उत्तर

जालावर पहारा ठेवण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे दूरच्या यंत्राला हाक मारणे आणि ते उत्तर देते की नाही हे पाहणे. हे काम करणारी ‘पिंग’ नावाची छोटी आज्ञावली अमेरिकेतील माइक म्यूस या संशोधकाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून तिचे नाव पडले. सोनार यंत्र ध्वनीची लाट सोडते आणि तिचा प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला वेळ मोजते. पिंगही नेमके तेच करते. फरक इतकाच की ध्वनीच्या जागी माहितीची एक लहानशी पुडी पाठविली जाते.

उत्तर आले, एवढ्यावर समाधान मानणे योग्य नव्हे. उत्तर येण्यास किती वेळ लागला हेही बोलके असते. प्रकाशतंतूच्या तारेतून संकेत एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. रायपूरहून जगदलपूरला जाऊन परत येण्याचे अंतर ६०० किलोमीटर धरले, तर केवळ प्रवासास सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. तार सरळ रेषेत टाकलेली नसते आणि वाटेतील यंत्रेही थोडा वेळ घेतात, म्हणून प्रत्यक्ष आकडा त्याहून मोठा येतो. तोच संकेत भूस्थिर उपग्रहामार्गे गेला, तर चित्र पालटते. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. हाक वर जाते व खाली येते, आणि उत्तरही पुन्हा वर जाऊन खाली येते. या चार फेऱ्यांना जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. यावरून असे दिसेल की एरवी काही मिलिसेकंदांत येणारे उत्तर एके दिवशी अर्ध्या सेकंदाने येऊ लागले, तर तार तुटली असून वाहतूक पर्यायी उपग्रह-मार्गावर गेली आहे, असा अंदाज रायपूरच्या खोलीत बसूनही करता येतो.

मोजदाद आणि तिचे सापळे

हाकेला ओ मिळाली म्हणजे यंत्र जागे आहे एवढेच कळते. त्याच्यावर किती भार आहे हे कळत नाही. त्यासाठी १९८८ साली एक सर्वमान्य पद्धती आखण्यात आली. तिचे इंग्रजी नाव संक्षेपाने ‘एसएनएमपी’ असे घेतले जाते. या पद्धतीनुसार प्रत्येक मार्गनियंत्रक यंत्र, म्हणजे राउटर, स्वतःच्या प्रत्येक दारातून किती माहिती आत आली व किती बाहेर गेली याची गणती ठेवते आणि विचारणा होताच तो आकडा सांगते. हा आकडा घरातील विजेच्या मीटरसारखा असतो. तो सतत वाढत जातो. दोन वेळच्या वाचनांतील फरक काढला की मधल्या काळातील वापर कळतो.

येथे एक सापळा दडलेला आहे. आरंभीच्या काळात ठरविलेला गणक ३२ द्विमान अंकांचा होता. तो सुमारे ४२९ कोटींपर्यंत मोजतो आणि मग पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला १० कोटी बिट वाहून नेणारा मार्ग पूर्ण भरून वाहू लागला, तर हा गणक पावणेसहा मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. देखरेखीची आज्ञासंहिता दर पाच मिनिटांनी वाचन घेत असल्यास काम जेमतेम निभावते. परंतु मार्गाचा वेग दसपट झाला की गणक ३४ सेकंदांतच उलटतो आणि पाच मिनिटांनी घेतलेल्या दोन वाचनांतील फरक निरर्थक ठरतो. अशा मार्गावर प्रचंड वाहतूक असूनही आलेखात ती किरकोळ दिसू शकते. यावरील उपाय म्हणजे पुढे उपलब्ध झालेला ६४ अंकी गणक वापरणे. त्याच वेगाने त्याला उलटण्यास चार हजार सहाशे वर्षांहून अधिक काळ लागेल.

अशा वाचनांचे आलेख काढणारी एक प्रसिद्ध आज्ञावली १९९४-९५ च्या सुमारास टोबियास ऊटिकर यांनी इंग्लंडमधील लेस्टर येथे लिहिली. तेथील विद्यापीठाला बाह्य जगाशी जोडणारी एकच अरुंद तार होती आणि ती केव्हा भरून जाते हे सर्वांना दिसावे हा त्यांचा हेतू होता. ‘एमआरटीजी’ या नावाने ती जगभर पसरली. तिच्या वर्तनातील एक बारकावा पुढील विवेचनास उपयोगी पडेल. एखाद्या वेळी यंत्राकडून उत्तरच मिळाले नाही, तर ही आज्ञावली, वेगळी सूचना नसल्यास, मागचाच आकडा पुन्हा नोंदविते. त्यामुळे आलेखात सपाट रेषा उमटते. जाणता निरीक्षक अशा रेषेकडे संशयाने पाहतो, कारण खऱ्या वाहतुकीला चढउतार असतातच. अजाण निरीक्षकाला मात्र ती रेषा स्थैर्याची खूण वाटते.

पहाऱ्याची मांडणी

देखरेखीची आज्ञासंहिता, म्हणजे रूढ भाषेत स्क्रिप्ट, ही संगणकाने ठरावीक वेळी ओळीने करावयाच्या कामांची यादी होय. तिची मांडणी करताना तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात. कोणाकडे पाहावयाचे, किती वेळाने पाहावयाचे आणि काय दिसले असता हाक द्यावयाची.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. २०१८ साली बस्तर भागात प्रकाशतंतूंचे मोठे जाळे उभारण्यात आले. त्याची रचना काही अंशी वर्तुळाकार आहे. वर्तुळाचा लाभ असा की तार एका ठिकाणी तुटली, तरी वाहतूक उलट दिशेने वळते आणि कोणाचेही काम अडत नाही. तथापि याच गुणात एक धोका आहे. एक तार तुटूनही सर्व ठाणी उत्तर देत राहतात. त्यामुळे केवळ ठाण्यांना हाक मारणाऱ्या पहारेकऱ्याला तुटलेल्या तारेचा पत्ताच लागत नाही. मग दुसरी तार तुटते आणि मधली सर्व ठाणी एकाच क्षणी अंधारात जातात. म्हणून वर्तुळाकार जालात ठाण्यांइतकेच लक्ष वर्तुळाच्या प्रत्येक दुव्यावर ठेवावे लागते.

दुसरा प्रश्न कालांतराचा. फार वारंवार विचारणा केली, तर अरुंद मार्गावर देखरेखीचाच भार पडतो. फार विरळ केली, तर लहान खंड निसटून जातात. पाच मिनिटांचे अंतर बहुतेक ठिकाणी प्रचलित आहे. एका हुकलेल्या उत्तरावर हाक न देता सलग दोन-तीन उत्तरे हुकल्यावरच ती द्यावी, हाही अनुभवाचा नियम होय. विनाकारण वारंवार येणाऱ्या हाकांची माणसाला सवय होते आणि खऱ्या वेळी ती हाक ऐकूनही न ऐकल्यासारखी होते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे ‘नॅजिओस’ या नावाने ओळखल्या गेलेल्या देखरेख-प्रणालीत प्रत्येक तपासणीचे उत्तर चार प्रकारचे असते. शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे सावध, दोन म्हणजे संकट आणि तीन म्हणजे अज्ञात. यातील चौथे उत्तर नवख्या माणसाला अनावश्यक वाटते. वस्तुतः तेच पहाऱ्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी आहे. तपासणीच झाली नाही, तेव्हा ‘ठीक आहे’ असे म्हणणे हे खोटे आणि ‘बिघाड आहे’ असे म्हणणेही खोटेच. ‘कळले नाही’ हेच त्या वेळचे खरे उत्तर होय.

सामायिक ग्रंथालय

तपासणी होत नाही, असे कशामुळे घडते? कारणे अनेक आहेत. परंतु त्यांतील एक असे आहे की त्याचा संबंध जालाशी नसून खुद्द पहारेकऱ्याच्या संगणकाशी असतो. ते समजण्यासाठी संगणकातील ‘ग्रंथालय’, म्हणजे व्यवहारात लायब्ररी, या कल्पनेचा परिचय करून घ्यावयास हवा.

कोणतीही आज्ञावली आपले सगळे काम स्वतः करीत नाही. अक्षरे छापणे, जालावर पुडी पाठविणे, मजकुराचे गुप्तलेखन करणे अशी कामे शेकडो आज्ञावलींना लागतात. ती प्रत्येकीने पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा एकदाच लिहून सामायिक ठिकाणी ठेवावी, या विचारातून अशी ग्रंथालये निर्माण झाली. पूर्वी आज्ञावली तयार करतानाच ग्रंथालयातील आवश्यक भाग तिच्यात उतरवून घेतला जाई. १९६० च्या दशकातील मल्टिक्स या प्रणालीने निराळा मार्ग दाखविला आणि १९८८ साली आलेल्या सन कंपनीच्या प्रणालीमुळे तो युनिक्स परिवारात रुळला. या मार्गाने आज्ञावलीत ग्रंथालयाचे केवळ नाव नोंदविलेले असते. ग्रंथ प्रत्यक्षात उघडला जातो तो आज्ञावली सुरू होण्याच्या क्षणी.

याचे लाभ उघड आहेत. एकच प्रत अनेक वाचकांना पुरते, म्हणून जागा वाचते. ग्रंथात चूक आढळली, तर एक प्रत दुरुस्त केल्याने सर्वांचे काम दुरुस्त होते. परंतु यातून एक परावलंबनही जन्माला येते. सुरू होण्याच्या क्षणी नेमका हवा तो ग्रंथ सापडला नाही, किंवा त्याच नावाचा दुसराच ग्रंथ हाती आला, तर आज्ञावली चालू शकत नाही.

ग्रंथ शोधण्याचे काम ‘लोडर’ नावाचा एक ग्रंथपाल करतो. लिनक्स प्रणालीतील त्याचा शोधक्रम ठरलेला आहे. आज्ञावलीतच मार्ग लिहून ठेवलेला असेल, तर त्याचा विचार होतो. ‘एलडी लायब्ररी पाथ’ या नावाच्या चलात काही निर्देशिका दिलेल्या असतील, तर त्या पाहिल्या जातात. त्यानंतर संगणकाची तयार सूची आणि शेवटी प्रणालीच्या नेहमीच्या निर्देशिका येतात. आज्ञावलीत लिहिलेला मार्ग जुन्या पद्धतीचा असेल, तर तो चलाच्या आधी पाहिला जातो. नव्या पद्धतीचा असेल, तर चलाच्या नंतर. ग्रंथपाल ग्रंथाच्या पाठीवरील नाव व आवृत्तीचा आकडा तेवढा पाहतो आणि पहिला जुळणारा ग्रंथ उचलतो. आतील मजकूर वाचून पाहण्याची त्याची रीत नाही.

संघर्ष कसा उद्भवतो

समजा, रायपूरमधील एखाद्या कार्यालयात एका संगणकावर देखरेखीची आज्ञासंहिता निर्वेधपणे चालू आहे. त्याच संगणकावर काही दिवसांनी अहवाल छापण्याची दुसरी आज्ञावली बसविण्यात येते. ती आपली स्वतःची ग्रंथालये एका स्वतंत्र निर्देशिकेत घेऊन येते आणि तिच्या सूचनापत्रात असे म्हटलेले असते की ‘एलडी लायब्ररी पाथ’ या चलात ही निर्देशिका घालावी. बसविणारा कर्मचारी ती सूचना पाळतो आणि हे चल सर्वांना लागू होईल अशा ठिकाणी नोंदवितो.

आता त्या निर्देशिकेत गुप्तलेखनाच्या ग्रंथालयाची एक जुनी प्रत असते. पाठीवरील नाव तेच, पण आतील काही प्रकरणे कमी. एसएनएमपी पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीत विचारणा गुप्तलेखनाने सुरक्षित करण्याची सोय आहे. म्हणून विचारणा करणाऱ्या आज्ञावलीलाही त्याच नावाचे ग्रंथालय लागते. ग्रंथपालाला चलातील निर्देशिका आधी दिसते, तो जुनी प्रत उचलतो आणि मागितलेले प्रकरण त्यात नसल्याने आज्ञावली सुरू होताहोताच बंद पडते. अहवालाची आज्ञावली उत्तम चालू असते, म्हणून बदल यशस्वी झाला असे सर्वांना वाटते.

येथे आणखी एक विलक्षण गोष्ट घडू शकते. पिंगला अनेक वर्षे विशेष अधिकार देऊन ठेवण्याची पद्धत होती. विशेष अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलीसाठी ग्रंथपाल वरील चलाकडे हेतुतः दुर्लक्ष करतो. अन्यथा कोणीही बनावट ग्रंथ पुढे करून ते अधिकार बळकावू शकला असता. परिणामी पिंग नेहमीप्रमाणे उत्तरे आणत राहते आणि एसएनएमपीची विचारणा मात्र बंद पडते. दोन पहारेकऱ्यांपैकी एक जागा असतो, दुसरा बेशुद्ध असतो आणि पहिल्याच्या जागेपणामुळे दुसऱ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

याच्या उलट प्रकारही तितकाच परिचित आहे. देखरेखीच्या आज्ञावलीलाच एखादे विशेष ग्रंथालय लागते आणि कर्मचारी ते चल केवळ स्वतःच्या प्रवेश-नोंदीत घालतो. हाताने चालविल्यावर सर्व काही सुरळीत चालते. परंतु ठरावीक वेळी कामे सुरू करणारा ‘क्रॉन’ हा प्रवेश-नोंद वाचत नाही; तो आज्ञासंहितेला अगदी मोजक्या चलांनिशी सुरू करतो. म्हणून दिवसा हाताने चालणारी आज्ञासंहिता रात्री क्रॉनच्या हाती चालत नाही. अखंड चालणाऱ्या सेवेच्या बाबतीत हा दोष आणखी खोलवर लपतो. सेवा ज्या हाताने सुरू झाली त्या हाताची चले ती वारशाने घेते. कर्मचाऱ्याने ती स्वतः सुरू केली असेल, तर महिनोन्महिने ती नीट चालते; एखाद्या दिवशी वीज जाते, संगणक पुन्हा सुरू होतो, सेवा आता प्रणालीच्या हाताने सुरू होते आणि तिला आपले ग्रंथालय सापडत नाही. लोक वीजपुरवठ्याला दोष देतात. खरे कारण मात्र फार पूर्वी पेरले गेलेले असते.

निदानाची रीत

अशा बिघाडात पहिली दक्षता ही की आज्ञावली ज्या परिस्थितीत बंद पडते त्याच परिस्थितीत तिची तपासणी व्हावी. कर्मचाऱ्याच्या पडद्यावर ती चालते, हे येथे पुराव्यात धरता येत नाही. क्रॉनच्या एका छोट्या कामाकरवी त्या क्षणी उपलब्ध असलेली सर्व चले एका फाइलमध्ये उतरवून घ्यावी आणि कर्मचाऱ्याच्या चलांशी ती ताडून पाहावी. फरक बहुधा पहिल्याच दृष्टिक्षेपात दिसतो.

त्यानंतर ‘एलडीडी’ ही आज्ञा वापरावी. ती एखाद्या आज्ञावलीला कोणकोणती ग्रंथालये लागतात आणि ग्रंथपाल ती कोठून उचलणार आहे याची यादी देते. यादीत ‘सापडले नाही’ असा शेरा असेल, तर ग्रंथ गहाळ आहे. सर्व ग्रंथ सापडले असतील, पण त्यांतील एकाचा मार्ग अनपेक्षित निर्देशिकेतून येत असेल, तर संघर्षाचे मूळ तेथेच शोधावे. ज्या आज्ञावलीच्या उगमाविषयी शंका आहे तिच्यावर मात्र ही आज्ञा चालवू नये, कारण काही परिस्थितीत ती आज्ञावली त्यामुळे प्रत्यक्ष सुरू होऊ शकते. ‘एलडी डीबग’ हे चल योजले, तर ग्रंथपाल आपला सारा शोधप्रवास ओळीओळीने लिहून दाखवितो.

आज्ञावली बंद पडताना जो संकेतांक मागे ठेवते, तोही उपयुक्त असतो. ग्रंथालय न सापडल्यामुळे ग्रंथपालाने काम थांबविले, तर लिनक्सवर तो संकेतांक सामान्यतः १२७ असतो. देखरेखीच्या चार मान्य उत्तरांत हा आकडा बसत नाही; म्हणून तो दिसताच बिघाड दूरच्या ठाण्यावर नसून आपल्याच संगणकात आहे, असे समजावे. त्यामुळे तीनशे किलोमीटरांवरील तंत्रज्ञाला नाहक रात्री उठविण्याचा प्रसंग टळतो.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

सर्वांत सुरक्षित उपाय हा की ‘एलडी लायब्ररी पाथ’ हे चल सर्वांसाठी कधीही योजू नये. ज्या एका आज्ञावलीला ते लागते तिच्याभोवती दोन ओळींची छोटी आज्ञासंहिता लिहावी. पहिली ओळ चल ठरवील आणि दुसरी मूळ आज्ञावली सुरू करील. अशा वेष्टनामुळे चलाचा प्रभाव त्या आज्ञावलीपुरता आणि तिने सुरू केलेल्या कामांपुरता राहतो. वरील उदाहरणात अहवालाच्या आज्ञावलीला असे वेष्टन घातले असते, तर देखरेखीला धक्काही लागला नसता.

चल लिहितानाही एक दक्षता घ्यावयास हवी. निर्देशिकांची नावे विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी वेगळी केली जातात. यादीच्या आरंभी वा शेवटी असे चिन्ह चुकून राहिले, तर ग्रंथपाल त्याचा अर्थ ‘आपण या क्षणी ज्या निर्देशिकेत आहोत ती’ असा घेतो. मग आज्ञावली कोठून चालविली यावर तिचे वर्तन अवलंबून राहू लागते आणि कोणीतरी ठेवलेला बनावट ग्रंथ उचलला जाण्याचा धोकाही उद्भवतो.

दुसरा उपाय म्हणजे आज्ञावली तयार करतानाच तिच्यात ग्रंथालयाचा मार्ग लिहून ठेवणे. त्यामुळे ती कोणाच्या हाताने सुरू झाली याला महत्त्व उरत नाही. परंतु ग्रंथालय पुढे हलविल्यास मार्ग निरुपयोगी होतो. तिसरा उपाय म्हणजे नवी निर्देशिका प्रणालीच्या सूचीत घालून ‘एलडीकॉन्फिग’ या आज्ञेने सूची पुन्हा तयार करणे. हा उपाय कायमचा खरा, पण तो सर्वांना लागू होतो. म्हणून ज्या निर्देशिकेत प्रणालीतील ग्रंथांशी समान नावाचे ग्रंथ आहेत ती सूचीत घालणे अनर्थकारक ठरते. चौथा उपाय खर्चिक वाटला तरी अनेकदा स्वस्त पडतो. देखरेखीसाठी स्वतंत्र संगणक ठेवावा किंवा एकाच संगणकात तिची सर्व सामग्री वेगळ्या कोठडीत बंद करावी, म्हणजे अन्य कामांसाठी झालेले बदल तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पायथॉन वा पर्ल या भाषांत लिहिलेल्या आज्ञासंहितांना याच जातीचे संघर्ष त्यांच्या स्वतःच्या ग्रंथालय-मार्गांत भोगावे लागतात आणि त्यांनाही हेच तत्त्व लागू पडते.

मौनाचा अर्थ

ग्रंथालयांचा संघर्ष मिटविणे हे कौशल्याचे काम असले, तरी तो पुन्हा कधीच होणार नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून अखेरचा प्रश्न असा उरतो की पहारेकरी बेशुद्ध पडला तर ते कोणाला आणि कसे कळावे.

अनेक आज्ञासंहितांत त्रुटींचे संदेश ‘त्रास नको’ म्हणून फेकून देण्याची रीत असते. त्याच आज्ञासंहितांत आलेल्या उत्तरातील चुकांची संख्या मोजली जाते. विचारणा करणारी आज्ञावलीच सुरू झाली नाही, तर उत्तर रिकामे येते. रिकाम्या उत्तरात एकही चूक सापडत नाही. आणि एकही चूक नसल्यामुळे पडद्यावर हिरवा दिवा लागतो. यंत्राने खोटे सांगितलेले नसते. त्याला मौनाचा अर्थ चुकीचा शिकविलेला असतो.

रेल्वेच्या जुन्या सिग्नल-पद्धतीत या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी सापडले होते. नागपूरहून रायपूरमार्गे हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गाड्या धावू लागल्या, त्या काळच्या पाटीच्या सिग्नलची रचनाच अशी असे की त्याची तार तुटली, तर पाटी वजनाच्या भाराने आपोआप ‘थांबा’ या स्थितीत जावी. गाडीला ‘पुढे जा’ असे सांगण्यासाठी तार ताणून धरण्याचा प्रयत्न करावा लागे. प्रयत्न थांबला की सिग्नल थांबण्याचाच इशारा देई.

देखरेखीच्या आज्ञासंहितेची रचनाही अशीच असावी. प्रत्येक तपासणी आरंभी ‘अज्ञात’ मानावी आणि अर्थपूर्ण उत्तर हाती आल्यावरच ती ‘ठीक’ करावी. आज्ञासंहितेने प्रत्येक यशस्वी फेरीच्या शेवटी वेळेची नोंद करावी आणि दुसऱ्या, स्वतंत्र संगणकाने ती नोंद किती जुनी झाली एवढेच पाहावे. नोंद ठरलेल्या मुदतीपेक्षा जुनी झाली, तर कारण काहीही असो, माणसाला जागे करावे. या दुसऱ्या संगणकावर पहिल्यासारखीच सामग्री नसावी. नाहीतर एकाच दोषाने दोघेही एकदम निद्रिस्त होतील. आणि आठवड्यातून एकदा एखादा दुवा मुद्दाम बंद करून हाक खरोखर येते की नाही हे पाहावे, कारण न आजमावलेला पहारेकरी आणि नसलेला पहारेकरी यांत फरक करता येत नाही.

छत्तीसगडमध्ये हिवाळ्याच्या आरंभापासून जानेवारीअखेरपर्यंत धानखरेदीचा हंगाम चालतो. त्या दिवसांत बैलगाड्या व ट्रॅक्टर केंद्रांसमोर रांगेने उभे असतात आणि प्रत्येक वजनाची नोंद व्हावयाची असते. एखाद्या सकाळी केंद्राचा संपर्क तुटला आणि रायपूरच्या पडद्यावर दिवा हिरवाच राहिला, तर तेथील रांगेची वार्ता शेतकऱ्याच्या तक्रारीने पोहोचेल तेव्हाच पोहोचेल. दिवा वेळीच ‘अज्ञात’ झाला, तर कोणीतरी दूरध्वनी उचलून विचारील आणि तपासणीस कोठून सुरुवात करावयाची हे त्याला आधीच ठाऊक असेल.